मोठं घड्याळ मनगटावर नीट बसवायचं कसं: कोकणातल्या घामात आणि खाऱ्या हवेत चालेल असं फिटिंग

आमच्याकडे रत्नागिरीत काय आणि खाली मालवण-वेंगुर्ल्याला काय, प्रत्येक वाडीत कोणीतरी आखातात नाहीतर बोटीवर असतोच, आणि तो सुट्टीवर आला की मनगटावर ४४-४५ मिलिमीटरचं जाडजूड डायव्हर, म्हणजे पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेलं, घड्याळ असतं, किंवा भाच्यासाठी कॅसिओचं जी-शॉक आणलेलं असतं. दिसायला एकदम भारी. मग आठवडाभरात तक्रारी सुरू. घड्याळ फिरून बाजूला जातं, चावी (वेळ लावायची कडेची गोल कळ) हाताच्या मागच्या बाजूला टोचते, खाली घाम साचून खाज येते, रात्री काढलं की लाल वळ उठलेला असतो. आणि यावर सगळ्यांचा उपाय एकच, "काका, अजून एक भोक पाडून द्या, घट्ट बसेल."

घट्ट बसेल, पण नीट बसणार नाही. मोठं घड्याळ फिरतं ते पट्टा सैल असतो म्हणून कमी आणि पट्ट्याचं माप चुकीचं असतं म्हणून जास्त. आवळणं हे सगळ्यात शेवटचं काम. आधी मनगट मोजायचं, मग घड्याळ मोजायचं, मग पट्ट्याची लांबी आणि बकल कुठे येतंय ते बघायचं, आणि एवढं झाल्यावर भोकं मोजत बसायचं. मी याच क्रमाने सांगतो, मध्ये उड्या मारू नका, कारण पहिल्या दोन पायऱ्या सोडून थेट ऑनलाइन पट्टा मागवला की तो नव्वद टक्के वेळा ड्रॉवरमध्येच जातो.

मनगट मोजा, आणि दुपारी मोजा

शिंप्याची टेप असेल तर उत्तम. नसेल तर कागदाची एक सेंटीमीटर रुंदीची पट्टी कापा, मनगटाभोवती गुंडाळा, जिथे मिळते तिथे पेनाने खूण करा आणि पट्टी सरळ करून स्केलवर मोजा. सुतळी वापरू नका, ती ताणली जाते आणि माप फसतं. टेप कुठे धरायची हे महत्त्वाचं: करंगळीच्या बाजूला मनगटावर जे गोल हाड वर आलेलं असतं त्याच्यावर नाही, त्याच्या मागे म्हणजे कोपराच्या दिशेला, कारण घड्याळ तिथेच बसायला हवं.

आता दुपारी का? कारण आपल्या हवेत हात सुजतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनला, उकाड्यात आणि दमट हवेत मोजलं आणि पहाटे मोजलं तर अर्ध्या सेंटीमीटरचा फरक सहज पडू शकतो. सकाळी आंघोळ करून गार हाताला बरोब्बर बसवलेलं घड्याळ दुपारी रुततं ते याच्यामुळे. म्हणून दोन्ही वेळेला मोजा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा, फिटिंग मोठ्या आकड्याला करायचं आणि लहान आकड्याला बारीक अॅडजस्टमेंट ठेवायची.

दुसरं माप कोणी घेत नाही, पण मोठ्या घड्याळासाठी तेच जास्त कामाचं. मनगटाची वरची सपाट रुंदी. हात टेबलावर पालथा ठेवा, वरून स्केल आडवी धरा, आणि मनगट जिथून खाली वळायला लागतं त्या दोन कडांमधलं अंतर बघा. गोलाई सारखीच असलेल्या दोन माणसांची ही रुंदी वेगळी असू शकते, एकाचं मनगट चपटं असतं, दुसऱ्याचं गोल. चपट्या मनगटावर मोठं घड्याळ बसतं, गोल मनगटावर तेच घड्याळ डुगडुगतं. त्यामुळे "तुझं माझं मनगट सेम आहे" म्हणून भावाचं घड्याळ बघून विकत घेऊ नका.

आता घड्याळ मोजा

केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डब्याच्या, वर आणि खाली जी दोन-दोन शिंगं असतात, ज्यांच्यामध्ये पट्टा अडकतो, ते लग. खोक्यावर जो ४५ किंवा ४७ लिहिलेला असतो तो केसचा व्यास, आणि फिटिंगसाठी त्याचा तसा काही फार उपयोग नाही. उपयोग आहे तो वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतच्या अंतराचा. हे अंतर तुमच्या मनगटाच्या सपाट रुंदीपेक्षा कमी किंवा फार तर बरोबरीचं हवं. जास्त असेल तर लगची टोकं मनगटाच्या बाहेर अधांतरी राहतात, पट्टा तिथून सरळ खाली पडतो, मध्ये फट राहते, आणि मग कितीही आवळा.

उदाहरण म्हणून सैकोचं ते टर्टल म्हणतात ते डायव्हर घ्या. केस सुमारे ४५ मिलिमीटर, ऐकायला राक्षसी, पण लग आखूड आणि खाली वळलेले असल्यामुळे लग ते लग सुमारे ४८ च. त्यामुळे बारीक मनगटाची माणसंही ते आरामात घालतात. उलट ४२ मिलिमीटरचं एखादं फॅशन घड्याळ सरळ लांब लगचं असेल तर ५१-५२ पर्यंत जातं आणि जास्त मोठं वाटतं. जी-शॉकचंही तसंच, जीए-११० म्हणजे ५१ मिलिमीटर रुंद, जवळजवळ १७ मिलिमीटर जाड आणि ७२ ग्रॅम, तर जीए-२१०० जेमतेम १२ मिलिमीटर जाड आणि ५१ ग्रॅम. दोन्ही मोठीच दिसतात पण शर्टच्या बाहीत दुसरं जातं, पहिलं अडकतं.

तिसरं माप लगच्या मधल्या जागेचं, म्हणजे पट्ट्याची रुंदी. मोठ्या घड्याळांत साधारण २२ किंवा २४, क्वचित २० किंवा २१. हे प्लॅस्टिकच्या स्केलने मोजा, स्टीलच्या स्केलने लगच्या आतून ओरखडे पडतात. २२ च्या जागी २० चा पट्टा घालायचा मोह टाळा, पट्टा डावी-उजवीकडे सरकत राहतो आणि पट्टा लगमध्ये धरून ठेवणारी पिन झिजते. २१ असेल तर २२ चा चामडी किंवा नायलॉनचा पट्टा दाबून बसतो, रबरी दाबून बसवू नका, कडेने फाटतो. स्मार्टवॉचवाल्यांनी मात्र आधी बघा की साधी पिन आहे की कंपनीची स्वतःची खाच. अॅपल वॉच अल्ट्रा ४९ मिलिमीटरचं आहे पण त्याला ४४ आणि ४५ चे पट्टे चालतात, तिथे हा सगळा पिनेचा भाग येतच नाही.

पट्ट्याची लांबी, खरी गोम इथे आहे

पट्टा दोन तुकड्यांत असतो. बकलवाला छोटा तुकडा, तो घड्याळाच्या १२ च्या बाजूला लागतो, आणि भोकांचा लांब तुकडा ६ च्या बाजूला. ऑनलाइन लिहिलेलं असतं १२०/७५, म्हणजे लांब तुकडा १२० आणि छोटा ७५ मिलिमीटर. हे झालं नेहमीचं माप.

आता हिशोब करू. समजा मनगट १६५ मिलिमीटर आणि घड्याळ लग ते लग ४८. १६५ मधून ४८ गेले, राहिले ११७. पट्टा कातडीपासून थोडा उचललेला असतो आणि त्याला स्वतःची जाडी असते, म्हणून दहाएक मिलिमीटर वाढवा, १२७ धरू. बकल मनगटाच्या खाली मधोमध यायला हवं, तर दोन्ही बाजूंना साधारण ६३-६४ हवेत. पण तुमचा बकलवाला तुकडाच ७५ चा आहे! म्हणजे बकल मध्यापासून एक सेंटीमीटरच्या वर अंगठ्याच्या बाजूला सरकणार, तिथे ते हाडावर टेकणार, आणि समोरच्या तुकड्याला ५२ वर भोक लागणार, म्हणजे बकलच्या पुढे जवळजवळ सात सेंटीमीटर शेपूट लोंबत राहणार.

इथे एक गोष्ट उलटी आहे जी दुकानदारही सांगत नाहीत. घड्याळ जितकं मोठं तितका मनगटाचा घेर ते स्वतःच जास्त खातं, म्हणून पट्टा आखूड लागतो. आणि कंपन्या मोठ्या घड्याळाला पट्टा देतात लांब, डायव्हर घड्याळांना तर मुद्दाम लांब, कारण ते वेटसूटच्या बाहीवरून घालता यावं अशी त्यामागची सोय असते. तारकर्लीला पर्यटकांना डायव्हिंग करवणारी पोरं वेटसूटवरून घालतात त्यांना ठीक आहे, तुम्ही बँकेत कॅशियर आहात, तुम्हाला ती शेपटी कशाला.

तर ठोकताळा असा. मनगट १६-१७ सेंटीमीटर आणि घड्याळ मोठं, तर ११०/७० किंवा त्याहून आखूड पट्टा बघा. १८ च्या आसपास असेल तर १२०/७५ चालतो. १९-२० च्या पुढे असेल तरच १३०/८०. आणि बकलवाल्या तुकड्याकडे जास्त लक्ष द्या, कारण लांब तुकड्याला भोक पाडता येतं, वेळ पडली तर टोक कापताही येतं, पण बकलचा तुकडा कमी करता येत नाही.

बकल मधोमध आलं की अर्धी तक्रार जाते. कारण घड्याळाचं वजन वर आणि बकल बरोबर त्याच्या खाली असलं की दोन्ही बाजूंनी ओढ सारखी राहते. बकल एका बाजूला गेलं की घड्याळ दुसऱ्या बाजूला घसरतं, आणि जड घड्याळ तर लगेच. घड्याळ कायम बाहेरच्या बाजूला, करंगळीकडे पडत असेल तर पट्टा आवळण्याआधी हात उलटा करून बकल कुठे आहे ते बघा.

लांबीनंतर रुंदीचा विषय. काही पट्टे लगपाशी २२ आणि बकलपाशी १६ होतात. छान दिसतात, पण शंभर ग्रॅमच्या स्टीलच्या डोक्याला, म्हणजे पट्ट्याशिवायच्या घड्याळाला, हा बारीक पट्टा पेलत नाही. जड घड्याळाला २२ चा पट्टा बकलपाशी २० तरी हवा, २४ चा असेल तर २२. वडिलांच्या एचएमटी जनताला, म्हणजे ३५ मिलिमीटरच्या चावीच्या पातळ घड्याळाला, कसलाही पट्टा चालायचा, त्या सवयीने मोठ्या घड्याळाला पट्टा निवडू नका.

आपल्या हवेला कुठला पट्टा

चामडं. दिसायला सगळ्यात सुंदर, आणि हातावर दोन-तीन आठवड्यांत वळण घेतं त्यामुळे मोठ्या घड्याळाला आरामदायक सुद्धा. पण जून ते सप्टेंबर कोकणात चामड्याचा पट्टा म्हणजे बुरशीला आमंत्रण. घाम शोषतो, सुकत नाही, आतून काळा पडतो आणि वास मारतो. मे महिन्यातही रोज घातलात तर तीच गत. लग्नाला, ऑफिसच्या कार्यक्रमाला घाला, परत आलात की लगेच डब्यात बंद करू नका, पंख्याखाली रात्रभर राहू द्या. उन्हात वाळवलात तर कडक होऊन भेगा पडतील.

सिलिकॉन स्वस्त, धुता येतो, मऊ. वाईट एवढंच की कापडाचे तंतू आणि धूळ चिकटतात, आणि गुळगुळीत सपाट सिलिकॉनखाली घामाचं तळं होतं. आतल्या बाजूला खाचा किंवा पन्हाळी असलेला घ्या. बजेट असेल तर एफकेएम नावाचं टिकाऊ कृत्रिम रबर बघा, तो घाम, तेल, सनस्क्रीन सगळं सोसतो आणि चिकट होत नाही. आंबेवाल्यांसाठी मुद्दाम सांगतो, झेल्याने आंबे काढताना हात वर असतो आणि देठाचा चीक हातावरून ओघळतो, तो पट्ट्याखाली गेला तर कातडी भाजते आणि फिकट रंगाच्या पट्ट्यावर डाग बसतो तो बसतोच. बागेत जाताना घड्याळ काढा, नाहीतर काळा रबर.

नायलॉन लवकर सुकतो आणि वजनाला काही नाही. पण ते मिलिटरी टाइपचे नाटो पट्टे, जे घड्याळाच्या खालून दोन पदरांनी जातात, ते ब्रिटिश संरक्षण खात्याने १९७३ मध्ये ठरवलेल्या नमुन्यावरून आलेत आणि त्यावेळची सैनिकी घड्याळं आजच्या मानाने छोटी आणि पातळ होती. १४ मिलिमीटर जाड डायव्हरच्या खाली अजून दोन पदर घातले की घड्याळ आणखी उंच होतं आणि जास्त डुलतं. मोठ्या घड्याळाला एक पदराचा घ्या. सगळ्यात सोयीचा म्हणजे इलास्टिक नायलॉन, ज्याला भोकंच नसतात, दुपारी हात सुजला तरी तो आपोआप ताणतो. फक्त खारट घाम यात मुरतो, आठवड्यातून दोनदा साबणाच्या पाण्यात बुडवून धुवा नाहीतर शेजारी बसणाऱ्याला कळेल.

स्टीलची चेन जड वाटते, म्हणून लोक आधी तीच काढून टाकतात. माझं मत वेगळं आहे. खूप जड घड्याळाला चेन बरी, कारण खालचं वजन वरच्या वजनाला तोलून धरतं, आणि कड्यांमधून हवा खेळते. एकूण वजन वाढतं पण घड्याळ जागेवर राहतं. डोकं जड आणि पट्टा हलका, हीच जोडी सगळ्यात जास्त फिरते.

चेन कमी करायची असेल तर

दुकानात जाऊन "दोन कड्या काढा" म्हणू नका. आधी चेनचं लॉक उघडा, त्याच्या कडेला तीन-चार बारीक भोकं दिसतील, त्यात एक स्प्रिंगवाली पिन अडकलेली असते. ती पिन मधल्या भोकात आणा. मग घालून बघा आणि त्या स्थितीत किती कड्या जास्त आहेत ते ठरवा. असं केलं म्हणजे पुढे मे महिन्यात एक भोक सैल आणि जानेवारीत एक भोक घट्ट करायला जागा राहते. पिन टोकाच्या भोकात ठेवून कड्या काढल्या तर एका बाजूची वाट बंद होते आणि दुपारच्या सुजेला पुन्हा दुकान.

कड्या दोन्ही बाजूंनी सारख्या काढायच्या, आणि संख्या विषम असेल तर जास्तीची ६ च्या बाजूची काढून बघा, बहुतेकांना लॉक तेव्हाच मधे येतं. मधे येत नसेल तर उलटं करा, शेवटी मनगट सांगेल ते. कडीच्या आतल्या बाजूला बारीक बाण असतो, पिन बाणाच्या दिशेला ढकलून बाहेर काढायची आणि घालताना बाणाच्या उलट दिशेने घालायची. काही घड्याळांत, सैकोच्या पुष्कळ चेनमध्ये, पिनेबरोबर एक टीचभर नळी असते, ती खाली पडली तर फरशीवर सापडत नाही आणि तिच्याशिवाय पिन टिकत नाही. पांढरा टॉवेल अंथरून काम करा. स्क्रूवाली चेन असेल तर बरोब्बर मापाचा स्क्रूड्रायव्हर हवा, नसेल तर घड्याळवाल्याकडेच जा, स्क्रूचं डोकं उडालं की पुढे खर्च वाढतो. काढलेल्या कड्या आणि पिना मागून घ्या आणि छोट्या पिशवीत घालून खोक्यात ठेवा, वजन वाढतं मंडळी, आपल्याकडे गणपतीत तर हमखास.

पट्टा बदलायची पद्धत

हत्यार म्हणजे एका टोकाला बारीक दुबेळकं असलेलं स्प्रिंग पिन काढायचं टूल, फार महाग नसतं. सुई किंवा चाकूने करू नका. लगच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावून घ्या म्हणजे टूल घसरलं तरी ओरखडा येणार नाही. घड्याळ मऊ कापडावर पालथं ठेवा, दुबेळकं पट्टा आणि लगच्या मध्ये घाला, पिनेच्या खांद्याला टेकवा आणि आतल्या बाजूला दाबत हलकेच बाहेर काढा. दुसरा हात वर धरा, पिन उडते. अख्खं काम पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून केलं तर शोधाशोध वाचते. लगला बाहेरून भोक असेल तर आणखी सोपं, बाहेरून दाबलं की झालं.

बसवताना एक टोक भोकात टेकवा, दुसरं दाबून आत सरकवा, टक आवाज यायला हवा. मग पट्टा धरून चारी दिशांना जोरात ओढा. अगदी जोरात. इथे सुटला तर टॉवेलवर पडेल, मिरकरवाड्याच्या जेटीवर सुटला तर पाण्यात.

आणि जुनी पिन पुन्हा वापरू नका. खाऱ्या हवेत पट्ट्याच्या आत घाम आणि मीठ साचतं, स्वस्त पिना आतून गंजतात आणि बाहेरून कळतही नाही. जड घड्याळाची पिन तुटली म्हणजे घड्याळच गेलं. पावसाळ्याआधी दरवर्षी स्टेनलेस स्टीलच्या नव्या पिना घाला, खर्च चहा-वड्याइतका. जाडीसुद्धा जुन्या पिनेशी ताडून घ्या, साधारण १.५ किंवा १.८ मिलिमीटर असते, सैकोच्या बऱ्याच डायव्हर घड्याळांना त्याहून जाड लागते आणि बारीक पिन तिथे खडखडते. नवीन पट्ट्यांना हल्ली नखाने ओढायची कळ असलेली पिन येते, सोय आहे, पण समुद्रात उतरणाऱ्यांनी साधी जाड पिनच ठेवावी असं मला वाटतं.

रबर ताठ असेल तर

नवा रबरी पट्टा कधी कधी लगपासून आडवा बाहेर येतो आणि मग खाली वळतो. त्यामुळे घड्याळ आहे त्यापेक्षा आणखी एक-दीड सेंटीमीटर मोठं झाल्यासारखं बसतं. पट्टा घड्याळापासून काढा, उकळून उतरवलेल्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा, काढून मनगटाएवढ्या जाडीच्या ग्लासभोवती गुंडाळा, दोऱ्याने बांधा आणि गार पाण्यात धरा. जुन्या पद्धतीच्या रबराला आणि पीयूच्या (पॉलियुरेथेन प्लॅस्टिकच्या) पट्ट्याला असं वळण बसतं. सिलिकॉनवर काही परिणाम होत नाही, तो जात्याच मऊ असतो. घड्याळासकट गरम पाण्यात घालायचा विचारसुद्धा नको, आतली सीलं जातील.

केसच्या आकाराला धरून वळवलेल्या टोकांचे रबरी पट्टे मिळतात, फट राहत नाही म्हणून दिसायला मस्त. पण ते टोक ताठ असतं आणि लग ते लग अंतर वाढवतं. मनगट मोठं असेल तरच घ्या.

आता भोक आणि शेवटची तपासणी

दोन भोकांमध्ये साधारण ६-७ मिलिमीटर अंतर असतं, आणि एक घट्ट एक सैल असं होतं ते याच्यामुळे. चामड्याला बरोब्बर मधे एक भोक पाडा, २ मिलिमीटरच्या गोल पंचने. बाजारात चपला-बॅगा दुरुस्त करणाऱ्यांकडे हा पंच असतो, दोन मिनिटांचं काम. खिळ्याने पाडलेलं भोक फाटत जातं. नायलॉनला गरम सुईने पाडा, कडा वितळून बंद होतात.

घड्याळ घाला, हाडाच्या मागे. करंगळी पट्ट्याखाली थोडं घासून गेली पाहिजे. सहज गेली तर सैल, गेलीच नाही तर घट्ट. हात खाली सोडून झटका, घड्याळ एखाद सेंटीमीटर सरकलं तर चालेल, फिरून बाजूला गेलं तर परत बकल बघा. मग तळहात टेबलावर टेकवून मनगट मागे वाकवा, जोर काढताना वाकवतो तसं. चावी हाताच्या मागे रुतत असेल तर घड्याळ आणखी थोडं कोपराकडे घ्या, तरीही रुतत असेल तर उजव्या हातात घालून बघा, चावी कोपराच्या बाजूला जाते. मोटारसायकलवाल्यांना मात्र उजव्या हातात अॅक्सिलरेटर फिरवताना मोठं घड्याळ नडतं. सैकोने बऱ्याच डायव्हरमध्ये चावी ४ वाजता दिलीय, तिथे हा प्रश्न मुळातच कमी.

हे सगळं सकाळी एकदा आणि दुपारच्या जेवणानंतर एकदा. बोटांना मुंग्या येत असतील किंवा वळ अर्ध्या तासानेही जात नसेल तर लगेच एक भोक सैल, चर्चा नको. स्मार्टवॉचवाल्यांनी हृदयाचे ठोके मोजायचे असतील तेव्हा हाडापासून एक बोट मागे घेऊन थोडं घट्ट करा, चालून आल्यावर परत सैल.

मासेमारीच्या बोटीवर जाळं किंवा दोर ओढताना मोठं घड्याळ घालूच नका, कितीही नीट बसलेलं असो. पट्टा दोरात अडकला तर हात जातो.

खाज आणि मीठ

पट्टा बरोबर असूनही पुरळ येत असेल तर आधी घाम-साबणाचा विचार करा. आंघोळीत घड्याळ घातलं की साबण पट्ट्याखाली राहतो आणि कातडी सोलते. रात्री घड्याळ काढा, कातडीला श्वास घेऊ द्या. तरीही बकलच्याच आकाराचं लाल चट्टं उठत असेल तर निकेलची अॅलर्जी असू शकते, मग टायटॅनियमचं बकल किंवा धातू कातडीला लागणार नाही असा पट्टा, आणि बरं नाही झालं तर डॉक्टर.

समुद्रावरून आलात की गोड्या पाण्याखाली धरा, चेनच्या कड्या आणि बकलच्या सांध्यांत जुन्या मऊ ब्रशने घासा. पण आधी मागे काय लिहिलंय ते वाचा. ३० मीटर लिहिलेलं घड्याळ हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरतं असतं, नळाखाली धरायचं नाही, त्याचा पट्टा काढून वेगळा धुवा. डायव्हर असेल तर चावी स्क्रू करून पूर्ण बंद आहे का ते बघूनच.

आणि बसतच नसेल तर

लग ते लग अंतर मनगटाच्या सपाट रुंदीपेक्षा चार-पाच मिलिमीटर जास्त असेल तर कुठलाच पट्टा काही करू शकत नाही. खाली चामड्याची गादी घाला असं कोणी सांगेल, त्याने घड्याळ आणखी उंच होतं. असं घड्याळ घरातल्या रुंद मनगटाच्या माणसाला देऊन टाका. पुढचं घेण्याआधी, बोटीवरच्या भावाला "आण" असं सांगायच्या आधी, जाड पुठ्ठ्यावर त्या घड्याळाची केसची रुंदी आणि लग ते लग लांबी काढून कापा, मनगटावर ठेवा, वरून घरातल्या कोणाला तरी फोटो काढायला सांगा. पुठ्ठा मनगटाच्या दोन्ही कडांच्या आत असेल तर मागवा. बाहेर येत असेल तर त्याच कंपनीत दोन-तीन मिलिमीटर लहान मॉडेल बहुतेक असतं, ते बघा.